वर मजकूर नाही

हरिपूरला पोचले तेव्हा साडेसात.
चिंचांच्या रस्त्यावर धुकं अजून बुंध्यांशीच होतं,
शेंडे मोकळे.
फळी मांडीवर, कागदाच्या चारी कडांना टेप,
आणि नदीचंच पाणी
दह्याच्या जुन्या डब्यात.

वीस वर्षं मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढते.
उंदीर, टोपी घातलेलं कासव,
रुसलेला चंद्र, दोनदा जिराफ.
हाताला वळण पडून गेलंय:
वरचा तिसरा हिस्सा कोरा सोडायचा,
तिथे मजकूर येतो.
मधोमध महत्त्वाचं काही ठेवायचं नाही,
तिथे शिवण येते.
एकदा एक हत्ती शिवणीत गेला
आणि सोंडेशिवायच छापून आला.
बार्शीहून एका मुलीचं पत्र आलं:
त्याला लागलं का?

आज पुस्तक नाही.
नुसता अभ्यास.
कृष्णा इकडून, वारणा पलीकडून,
एक शेवाळी, एक फिक्या चहासारखी.
सवयीनं मी दोघींना
डाव्या पानावरच उरकलं असतं,
पण कागद ओला होता.
त्या आपल्या आपण सरकत मधोमध आल्या,
जिथून सुई गेली असती
तिथेच मिसळल्या.
मी ब्रश नुसता उचलून धरला.

पलीकडच्या उसाच्या तुऱ्यांचा रंग
कुठल्याच ट्यूबमध्ये मिळत नाही.
करड्यात जरासा जांभळा,
मग तो टिपकागदानं पुसायचा;
पुसून जे उरतं, तो तुरा.
बगळा तर काढावाही लागत नाही.
भोवतीचं पाणी काढलं
की तो उभाच असतो.

दस्तगीर मुलाणी कधी मागं येऊन उभे राहिले
कळलं नाही.
"हे कशापायी?"
"सराव."
"ह्या वयात?"
मग बराच वेळ चित्राकडं बघून,
"समदं आलं. पेव न्हाई आलं."
"कुठंय पेव?"
"बसलायसा की त्याच्यावर.
हे एक. त्या चिंचंजवळ दुसरं."

मी उगाच अंग चोरलं.
खाली तीन पुरुष खोल, आत हळद असायची म्हणे,
वर्षानुवर्षं, ना कीड ना ओल.
महापुरात पाणी शिरलं,
"आठ दिस नदी पिवळी दिसायची आमाला.
नव्हती पिवळी. वासानं तसं वाटायचं."
पेव उघडलं तरी लगेच उतरायचं नसतं.
तोंड मोकळं ठेवायचं,
मग दोरीनं कंदील सोडायचा खाली.
विझला, तर थांबायचं.
"रिकामं दिसलं म्हून उतरला आमचा चुलता,"
एवढंच म्हणाले,
आणि तळहातावर तंबाखू मळत राहिले.

जमिनीला मी पिवळ्या मातीचा
एकच सपाट हात दिला होता. वाळला होता तो.
आता तिच्याखालचं काय दाखवणार?
स्वच्छ ब्रश ओला करून
चिंचेजवळचा थोडा रंग उचलून घेतला,
हंड्याच्या तोंडासारखा एक फिकट गोल.

"आणिक जरा डावीकडं," दस्तगीरभाई म्हणाले.

सरकवला.

ऊन नदीवर आलं तशी बोटं उबदार झाली.
बगळा केव्हाच उडाला होता,
कागदावरचा मात्र जागेवर.
आभाळासाठी निळा कालवून ठेवला होता
तो वाटीतच वाळू दिला.
कुणाचं वाक्य यायचं नव्हतं तिथे,
कुणी रागावणार नव्हतं,
तरी हात गेला नाही.

टेप सोडवली. एका कडेला कागद थोडा फाटला.
पाठीमागं पेन्सिलनं लिहिलं:
हरिपूर, पौष, सकाळ.
संगम मधोमध.
पेव चिंचेपासून जरा डावीकडं.
वर मजकूर नाही.